आपद्धर्म आणि धावून जाणाऱ्याचा जीव

भारतीय धर्मविचारात आपत्तीचा विचार पुष्कळ झाला आहे. पण तो बहुतांशी आपत्तीत सापडलेल्या माणसाच्या बाजूने झाला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्म आणि मोक्षधर्म यांच्या मध्ये ‘आपद्धर्म’ नावाचे जे उपपर्व येते, त्यात दुष्काळ, परचक्र, द्रव्यनाश अशा प्रसंगी नेहमीचे नियम कोणी, किती आणि कुठवर सैल करावेत याची सविस्तर चर्चा आहे, आणि ‘आपद्धर्म’ म्हणजे संकटकाळापुरता मान्य केलेला वेगळा आचार, हा अर्थ मराठीत रूढ झाला. तथापि संकटात सापडलेल्याला सोडवण्यासाठी जो दुसरा माणूस त्याच संकटात उतरतो, त्याच्या जिवाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न त्या चर्चेत स्वतंत्रपणे उपस्थित झालेला नाही. पूर, दरड, आग, साथ यांच्या वेळी पुण्यासारख्या शहरात अग्निशमन दलाचे जवान, सफाई कर्मचारी, परिचारिका, वीज कर्मचारी आणि स्वयंसेवक ज्या कामाला लागतात, त्या कामाआधी त्यांच्या सुरक्षेचा जो आराखडा करावा लागतो त्याला आज ‘सुरक्षा नियोजन’ म्हणतात, आणि ती सहसा प्रशासकीय बाब समजली जाते. वस्तुतः तिच्या मुळाशी धर्माचाच प्रश्न आहे, कारण कोणाचा जीव कशासाठी आणि कोणाच्या निर्णयाने पणाला लागावा हे ठरवल्याशिवाय असा एकही आराखडा करता येत नाही.

या प्रश्नाला पुण्याच्या इतिहासात एक अत्यंत आदरणीय उदाहरण आहे, आणि विचाराची सुरुवात त्याच्यापासूनच व्हायला हवी, कारण ते नीट समजून न घेता पुढे गेल्यास सुरक्षेचा सगळा विचार भित्रेपणाचा वाटू लागतो. १८९७ च्या आरंभी शहरात प्लेग फैलावला तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह शहराबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या, त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या त्यागाचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो या त्यागातून पुढच्या पिढ्यांनी कोणता नियम काढावा याचा. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यरसँ यांनी ओळखला होता, आणि वॉल्डेमार हाफकिन यांनी आपली प्रतिबंधक लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःलाच टोचून घेतली होती. परंतु उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे सावित्रीबाईंनी ते मूल पाठीवर घेतले त्या दिवशी, स्वतःला कसे वाचवावे याचे पुरते ज्ञान जगात कोणाकडेच नव्हते. त्यांच्या कृतीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: निर्णय त्यांचा स्वतःचा होता, धोका आहे याची त्यांना जाणीव होती, आणि धोका टाळून तेच काम करण्याचा मार्ग ठाऊक नव्हता. यांपैकी एकही गोष्ट नसली तरी बाहेरून तसाच दिसणारा मृत्यू नैतिकदृष्ट्या वेगळा ठरतो. ज्ञान उपलब्ध असताना, साधने गोदामात पडून असताना, आणि निर्णय दुसऱ्याच कोणी घेतलेला असताना जो कर्मचारी मरतो, त्याच्या मृत्यूला सावित्रीबाईंच्या मृत्यूशेजारी बसवणे हा त्या दोघांवरही अन्याय आहे.

पुण्याला लागून असलेल्या दापोडीत १ डिसेंबर २०१९ रोजी जे घडले, त्यात हा प्रश्न फार थोड्या जागेत आणि फार थोड्या वेळात उभा राहिला. ड्रेनेजच्या कामासाठी खोदलेल्या खोल खड्ड्यात माती ढासळून एक मजूर अडकला. त्याला काढायला दोन तरुण उतरले आणि तेही अडकले. अग्निशमन दलाने त्या तरुणांना बाहेर काढले, पण मजुराची सुटका चालू असताना माती पुन्हा कोसळली आणि तिच्याखाली जवानही सापडले. अखेर तो मजूर आणि अग्निशमन दलाचा एक जवान असे दोघे दगावले. ओल्या मातीच्या एका घनमीटरचे वजन दीड ते दोन टन भरते, आणि छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला प्रत्येक उच्छ्वासानंतर पुन्हा छाती फुगवता येत नाही. त्यामुळे डोके वर असूनही तो गुदमरतो. म्हणूनच सुमारे दीड मीटरपेक्षा खोल चर खणताना त्याच्या बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू देऊन आधार द्यावा, काढलेली माती काठावर रचू नये, काठाशी माणसे आणि यंत्रे उभी करू नयेत, हे नियम बांधकामाच्या क्षेत्रात जुने आहेत. पहिला मजूर त्या खड्ड्यात उतरला तेव्हाच पुढच्या सगळ्यांचे दैव बऱ्याच अंशी ठरले होते. तरुणांची करुणा खरी होती, जवानांचे कर्तव्य खरे होते, आणि तरीही एका संकटातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे निर्माण होत गेले. करुणा आणि कर्तव्य या दोहोंना कमी न लेखता ही साखळी कुठे तोडावी, हा धर्मविचारापुढचा खरा प्रश्न आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाला थेट भिडणारी दोन स्थळे आहेत, आणि सुरक्षेच्या संदर्भात त्यांच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. त्यांपैकी पहिल्या ठिकाणी कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. तामस कर्म म्हटले की सामान्यतः आळस किंवा दुष्टपणा डोळ्यांसमोर येतो. गीतेने मात्र तामस कर्माचे लक्षण वेगळे सांगितले आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टी न पाहता केवळ मोहाने जे कर्म आरंभले जाते ते तामस, असा तिथला आशय आहे. अनुबंध म्हणजे कर्माच्या मागोमाग येणारे परिणाम, क्षय म्हणजे होणारी हानी, हिंसा म्हणजे दुसऱ्याला पोचणारी इजा, आणि पौरुष म्हणजे करणाऱ्याचे स्वतःचे सामर्थ्य. आपत्तीस्थळी उतरण्याआधी पथकप्रमुखाने जी विचारणा करायची असते ती याहून वेगळी नाही: माती पुन्हा ढासळेल का, ढासळली तर किती माणसे तिच्याखाली येतील, या कामामुळे खाली अडकलेल्याला अधिक दुखापत होईल का, आणि हाताशी असलेली माणसे व साधने या कामाला पुरेशी आहेत का. हा विचार न करता घेतलेली उडी हेतूने कितीही थोर असली, तरी गीतेच्या मापाने ती सात्त्विक ठरत नाही. श्लोकातील ‘आरंभ’ ही कल्पनाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विचार व्हायचा तो आरंभापूर्वी, उतरल्यावर नव्हे.

याच विभागात राजस कर्माचे जे लक्षण आहे, तेही इथे लागू पडते. अहंकाराने आणि फार सायासाने केलेले कर्म राजस होय, आणि आपत्तीच्या वेळी हा अहंकार काम करणाऱ्याचा असतो त्याहून कितीतरी अधिक वेळा काम करवून घेणाऱ्याचा असतो. मंत्र्यांची भेट ठरलेली आहे म्हणून रात्रीत चिखल निघाला पाहिजे, दुसऱ्या शहराचे पथक पोचण्याआधी आपले पथक नदीत उतरलेले दिसले पाहिजे, अशा आग्रहांतून कामाचे तास वाढत जातात आणि थकलेला माणूस चुकतो.

दुसरे स्थळ त्याच अध्यायात त्याआधी येते. कोणतेही कर्म सिद्धीला जाण्यास पाच कारणे लागतात असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली व व्यापार, आणि पाचवे दैव. अधिष्ठान याचा अर्थ शंकराचार्यांनी शरीर असा केला आहे, तर लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त तो स्थान किंवा जागा या अर्थाने घेतला आहे, आणि प्रस्तुत विषयाला टिळकांचा अर्थ अधिक उपयोगी पडतो. आपत्तीच्या कामात अधिष्ठान म्हणजे तो उतार, तो काठ, ती भिजून फुगलेली भिंत. कर्ता म्हणजे प्रशिक्षण घेतलेला किंवा न घेतलेला, झोपलेला किंवा दोन पाळ्या सलग केलेला माणूस. करणे म्हणजे बोट, जीवरक्षक जॅकेट, दोर, गमबूट, विषारी वायू मोजण्याचे यंत्र. चेष्टा म्हणजे कोणी आधी उतरायचे, कोणी वर थांबून नजर ठेवायची आणि कोणत्या इशाऱ्यावर सगळ्यांनी बाहेर यायचे याचा क्रम. या चारांनंतर दैव येते. अपघातानंतर ‘नशीब’ म्हणून जे सांगितले जाते, ते गीतेच्या हिशेबात पाच कारणांपैकी शेवटचे एक आहे, आणि उरलेल्या चारांचा झाडा घेतल्याशिवाय त्याचे नाव घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याच्याच पुढे गीता असेही म्हणते की, ही पाच कारणे असताना जो एकट्या कर्त्याकडेच बोट दाखवतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय. मूळ संदर्भ आत्म्याच्या अकर्तेपणाचा आहे हे खरे. परंतु अपघाताच्या चौकशीत ‘कर्मचाऱ्याने पट्टा लावला नव्हता’ एवढ्यावर जेव्हा अहवाल संपतो, तेव्हा विचाराचा दोष नेमका तोच असतो. पट्टा होता का, होता तर तो अडकवायला भक्कम जागा होती का, आणि तो अडकवून काम पुरे करण्याइतका वेळ दिला होता का, हे तिथे विचारलेलेच नसते.

या विवेचनावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ढिगाऱ्याखालून हाक येत असताना अनुबंध आणि पौरुष यांचे माप घेत बसणे ही निष्ठुरता नव्हे काय? माणूस गुदमरायला काही मिनिटे पुरतात, आणि प्रत्येक जण विचार करीत राहिला तर कोणीच वाचणार नाही. या आक्षेपाचे उत्तर पुण्याच्याच एका घटनेत आहे. जुलै १९६१ मध्ये बांधकाम अपुरे असलेल्या पानशेत धरणाचा भराव खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, आणि पुराचे पाणी शहरात शिरले ते दिवसाच्या उजेडात, लोकांना पळता येईल अशा वेळी. खचणाऱ्या भरावावर उभे राहण्याचा धोका प्रचंड होता. पण खाली झोपलेल्या शहराच्या तुलनेत तो धोका घेण्याजोगा होता, आणि तो घेणारे जवान एका शिस्तीत, आज्ञेच्या साखळीत आणि अशा कामाची सवय असलेले होते. म्हणजे सुरक्षेचा विचार धोका घेऊच नये असे सांगत नाही. जगभरच्या अग्निशमन सेवांनी अनुभवातून हेच सूत्र बांधले आहे: वाचू शकणाऱ्या जिवासाठी मोठा धोका पत्करावा, मालमत्तेसाठी थोडा, आणि जे आधीच गेले आहे त्याच्यासाठी मुळीच नाही. हे माप आधीच ठरलेले असले की प्रत्यक्ष हाक येते तेव्हा विचारात वेळ जात नाही. पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे असलेली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन वर्षभर जो सराव करते तो याचसाठी. नियोजनामुळे करुणा मंदावते हा समज खरा नाही. नियोजन नसल्यामुळे ती वाया जाते, हे दापोडीत दिसले.

सूत्राचा तिसरा भाग, म्हणजे गेलेल्यांसाठी जिवंतांना धोक्यात न घालणे, भारतीय मनाला सर्वांत जड जातो, कारण मृतदेहाची विटंबना होऊ नये आणि त्यावर अंत्यसंस्कार व्हावेत ही भावना धर्माच्या गाभ्याशी जोडलेली आहे. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घेणारी बोट उलटली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. तरुण आदल्या दिवशी बुडाले होते. जवान आपले काम करीत होते, काठावरचे नातेवाईक त्यांच्या दुःखात होते, आणि या दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही. पण धर्मविचाराने इथे पुढे येऊन काही सांगायला हवे होते, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे होतेही. ज्याचा देह हाती लागत नाही त्याच्यासाठी पळसाच्या देठांची आणि दर्भाची प्रतिकृती करून तिच्यावर संस्कार करण्याचा ‘पालाशविधी’ हिंदू कर्मकांडात जुन्या काळापासून आहे. ज्या परंपरेने अंत्यसंस्काराला इतके महत्त्व दिले, तिनेच देहावाचून संस्कार पुरा होऊ शकतो अशी सोयही करून ठेवली. या विधीतून निघणारा अर्थ उघड आहे: मृताचे जे देणे लागते ते जिवंत माणसाला प्रवाहात लोटल्याशिवायही फेडता येते.

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळल्यावर हाच प्रश्न शासनापुढे आला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रे वर नेता येत नव्हती, पाऊस थांबत नव्हता, आणि मदतीसाठी डोंगर चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाल्यानंतर आणि ५७ जण बेपत्ता असताना २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले. तो निर्णय कठोर होता आणि तरीही योग्य होता, असेच म्हणावे लागते. वाडीतील लोक ठाकर समाजाचे, त्यांचे मृत्युसंस्कार त्यांच्या परंपरेप्रमाणे; म्हणून पालाशविधीसारखी सोय त्यांच्यावर लादणे गैर ठरेल. शोध थांबवण्याचा निर्णय घेताना त्या समाजातील जाणत्या माणसांना जवळ बसवून, तुमच्या रीतीत अशा वेळी काय करतात, हे विचारणे आणि त्यासाठी जागा व वेळ राखून ठेवणे हाही सुरक्षा नियोजनाचाच भाग आहे. शोकाला वाट मिळाली नाही तर नातेवाईक स्वतः दरडीवर चढतात, आणि मग त्यांच्यामागे पथकांना जावे लागते.

बौद्ध वाङ्मयात, संयुत्तनिकायातील सेदक सुत्तात, या सगळ्या विषयाचे बीज आश्चर्यकारक नेमकेपणाने आले आहे. वेळूवरचे खेळ करणारा एक डोंबारी आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्येला खांद्यावर उभे राहायला सांगतो आणि म्हणतो की तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ करून, पैसे मिळवून आपण सुखरूप खाली उतरू. शिष्या त्याला दुरुस्त करते: असे नव्हे, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळते, तरच आपण सुखरूप उतरू. बुद्ध शिष्येचे म्हणणे योग्य ठरवतात आणि पुढे सांगतात की स्वतःचे रक्षण करणारा दुसऱ्याचे रक्षण करतो, आणि दुसऱ्याचे रक्षण करणारा स्वतःचे. पहिले स्मृतीच्या, म्हणजे सतत जागृत असलेल्या अवधानाच्या अभ्यासाने साधते. दुसरे क्षमा, अहिंसा, मैत्री आणि अनुकंपा यांनी. पोटासाठी धोक्याचे काम करणाऱ्या दोन माणसांचा हा संवाद आहे, आणि त्यात बरोबर बोलते ती वयाने व अधिकाराने लहान असलेली व्यक्ती. दोन-दोनच्या जोडीने उतरण्याची जी पद्धत आज बचावपथके पाळतात तिचे तत्त्व हेच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खालच्या पायरीवरच्या माणसाने वरच्याला ‘असे नको’ म्हणावे आणि ते ऐकून घेतले जावे, ही गोष्ट या सुत्ताने धर्माचा भाग करून टाकली आहे. बोट भरली आहे, आता आणखी कोणाला घेऊ नका, असे म्हणण्याचा अधिकार नावाड्याला असणे, आणि त्याचे ऐकले जाणे, यावर किती जीव अवलंबून असतात हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना काढणारी खच्चून भरलेली बोट उलटली तेव्हा महाराष्ट्राने पाहिले.

आतापर्यंतची चर्चा जीव वाचवण्याच्या पहिल्या काही तासांची झाली. पाणी ओसरल्यानंतरचे काम अधिक दिवस चालते, अधिक माणसे खाते, आणि त्याला कोणी वीरश्री म्हणत नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाची वाडी येथे पाण्यात हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघांचा मृत्यू झाला. पूर उतरल्यावर अशा वस्त्यांत राहतो तो गाळ, त्यात फुटलेल्या काचा, कुजलेले धान्य, मेलेली जनावरे आणि मैलापाणी. आणि उंदरांच्या मूत्रातून त्या चिखलात मिसळलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू, जे पायाच्या भेगांतून आणि हातावरच्या खरचटण्यातून शरीरात शिरतात. गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताची सुई, वैद्यकीय सल्ल्याने आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी, काम संपल्यावर साबणाने धुवायला स्वच्छ पाणी, आणि वीज खरोखर बंद असल्याची खात्री: उपाय इतके साधे आहेत. ते मिळत नाहीत याचे कारण खर्चात शोधण्यापेक्षा जातीत शोधणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. मेलेले, कुजलेले आणि मैलायुक्त जे काही आहे ते उचलण्यासाठी ठरावीक जातींचे हात आहेतच, अशी समजूत शतकानुशतके या समाजात मुरलेली आहे, आणि ‘पूर्वकर्माचे फळ’ या कल्पनेने तिला धर्माचे पाठबळही मिळाले. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मृतदेह उचलायला दूरदूरच्या नगरपालिकांतून दलित सफाई कामगारच आणले गेले. आपत्ती सर्वांवर सारखी कोसळते असे म्हणतात; ती उपसण्याचे काम मात्र सारखे वाटले जात नाही.

शांतिपर्वातील आपद्धर्माच्या चर्चेत विश्वामित्राची प्रसिद्ध कथा आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने व्याकुळ झालेला हा ऋषी एका चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. चांडाळ त्याला धर्माची आठवण करून देतो, तेव्हा विश्वामित्र उत्तर देतो की जगणे मरणाहून श्रेष्ठ, कारण जगला तरच माणूस धर्म आचरू शकेल. टिळकांनी ‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात कर्तव्यांच्या संघर्षाची उदाहरणे देताना ही कथा घेतली आहे, आणि कालिदासानेही ‘कुमारसंभवा’त तपाने देह झिजवणाऱ्या पार्वतीला शरीर हेच धर्माचे पहिले साधन असल्याचे शिवाच्या तोंडून ऐकवले आहे. हे तत्त्व एकदा मान्य केले की ते ऋषीपुरते आणि राजकन्येपुरते राखून ठेवता येत नाही. विश्वामित्राचे शरीर जर धर्मसाधन असेल तर त्या चांडाळाचेही आहे, आणि आज भूमिगत गटारात उतरवल्या जाणाऱ्या माणसाचेही आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई वाढली हे योग्यच झाले. पण ज्या कामावर हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानेच बंधने घातली आहेत, त्या कामातील मृत्यूचा दर न्यायालयाला ठरवावा लागतो, ही गोष्ट समाजाला अस्वस्थ करायला हवी.

पुण्यातच याच्या उलट दिशेचे एक उदाहरण आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या संस्थेने नागरिकांना एक साधी विनंती केली: वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला तो ठिपका दिसला की पुडी उघडून पाहावी लागत नाही, आणि तिचा हात रक्ताला व जंतूंना लागत नाही. तिच्या सुरक्षेची पहिली कृती तिला कधीही न भेटणारा माणूस आपल्या न्हाणीघरात उभा राहून करतो. कोविडच्या काळात घरीच विलगीकरणात असलेल्यांचा कचरा वेगळ्या पिवळ्या पिशवीत देण्यामागेही हीच दृष्टी होती. सेदक सुत्तातील परस्पर रक्षणाचा विचार यापेक्षा अचूकपणे कुठे उतरला असेल असे वाटत नाही.

आता त्यागाचा मूळ प्रश्न पुन्हा हाती घेता येतो. शिबी राजाने शरण आलेल्या कबुतरासाठी ससाण्याला मांस दिले ते स्वतःच्या मांडीचे; त्याने सेवकाला बोलावून त्याची मांडी कापली असती तर ती कथा पापाची झाली असती. दधीचीने अस्थी दिल्या त्या स्वतःच्या. परंपरेने गौरवलेल्या प्रत्येक देहदानात देणारा आणि देह एकाचाच आहे. संस्था, महापालिका, ठेकेदार किंवा शासन यांना देह नसतो, म्हणून त्यांना देहदानाचे पुण्यही मिळवता येत नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो राजधर्म, आणि राजधर्माचा पहिला आशय रक्षण हा आहे. जे आपल्या आज्ञेने धोक्यात जातात त्यांचे रक्षण त्यातून वगळण्याला कोणताही आधार नाही. कर्मचारी गेल्यानंतर पाठवणाऱ्यांनीच त्याला हुतात्मा म्हणणे म्हणूनच अनुचित वाटते. त्याच्या त्यागाचा गौरव करण्याचा अधिकार त्याच्या सोबत्यांचा आणि वाचलेल्यांचा आहे, पाठवणाऱ्याने द्यायचा तो हिशेब.

स्वयंसेवकांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांना कोणी पाठवलेले नसते. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांनी दोर लावून खोल दरीतून मृतदेह वर आणले. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्था वर्षानुवर्षे असेच धावून जातात. इथे निर्णय खरोखर ज्याचा त्याचा असतो, आणि तरीही लक्षात येते ते हे की स्वेच्छेने धोका पत्करणारी ही माणसे सुरक्षेच्या बाबतीत सर्वांत काटेकोर असतात: दोराचा आधार एका ठिकाणी न ठेवता दोन ठिकाणी, प्रत्येक गाठ दुसऱ्याकडून तपासून, शिरस्त्राणाशिवाय काठाजवळही जायचे नाही, आणि उतरलेल्यांची शिरगणती वर एकाने सतत ठेवायची. ज्याला जिवाची पर्वा नाही तो दरीत उतरण्यास लायक समजला जात नाही.

धोक्यात उतरणाऱ्या या सगळ्या माणसांचे समाज काय देणे लागतो याचे उत्तर शतपथ ब्राह्मणात सूचित आहे. तिथे देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे, जे पुढच्या परंपरेत काहीसे मागे पडले. ऋण म्हटले की त्याची मुदत आणि नोंद आली. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी अग्निशमन दलाचे ३४३ जण एका दिवसात गेले. त्यानंतर त्या दिवशी कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यावरील धुळीमुळे झालेल्या आजारांनी गेलेल्या त्याच दलातील लोकांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये तितकीच भरली. आपत्तीच्या कामाचे परिणाम असे दोन-दोन दशके माणसाच्या शरीरात राहतात, आणि ते कामामुळे झाले हे सिद्ध करायला त्या दिवशीचा कागद लागतो. म्हणून पुराचा गाळ काढायला कोण गेले, कोणत्या तारखेला, कोणत्या गल्लीत, किती तास, आणि त्यांना कोणती साधने दिली होती, याची नोंद ठेकेदाराच्या हजेरीपटावर न सोडता महापालिकेने स्वतःच्या दप्तरात ठेवली पाहिजे, तिची एक प्रत त्या कामगाराच्या हाती दिली पाहिजे, आणि रोजंदारीवरच्या, एका दिवसापुरत्या आणलेल्या माणसाचे नावही तीत पूर्ण लिहिले गेले पाहिजे.